विझलेल्या दिव्याची साक्ष



वसंत ऋतूत व्याख्याने योजण्याची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात घातली, आणि ती तेथून गावोगाव पसरली. अशा व्यासपीठांवरून धर्म, राज्यकारण, वाङ्मय, अर्थशास्त्र असे भारदस्त विषय आपण ऐकत आला आहात. आमचा आजचा विषय हरभऱ्याच्या दाण्याएवढा आहे. चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही कळवले, 'फिरत्या घराच्या पॅनेलवरचा दर्शक दिवा कसा बदलावा.' त्यावर चालकांचा फोन आला : "भाऊ, आपण कामगार चळवळीवर बोलाल अशी आमची अपेक्षा होती." आम्ही म्हटले, "त्यावरच बोलणार आहोत." ते आम्ही खरे करतो की नाही हे आपण शेवटी ठरवावे.

प्रथम फिरते घर म्हणजे काय ते सांगतो. ज्याला कॅम्पर व्हॅन म्हणतात, ती म्हणजे चाकांवर बसवलेली एक खोली. निजायला फळी, स्वयंपाकाचा ओटा, लहानसा फ्रिज, पाण्याची टाकी आणि तिचा पंप, दिवे, पंखा, सारे काही एका गाडीच्या पोटात. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. मुंबईची मंडळी शनिवार-रविवार गाठून कर्जतच्या नदीकाठी आणि खालापूरच्या डोंगरपायथ्याशी येतात, त्यांत अशी गाडीही आता अधूनमधून दिसते. ह्या गाडीत दाराजवळ एक पॅनेल असते. त्यावर प्रत्येक उपकरणाचे बटण आणि बटणाजवळ एक चिमुकला दिवा. दिवा लागला की उपकरणाला वीज मिळते आहे, दिवा विझला की नाही, असे मालकाला सांगितलेले असते. आमचे सारे भाषण ह्या एका वाक्याभोवती फिरणार आहे, कारण ह्या वाक्याचा पहिला अर्धा भाग बहुधा खरा असतो आणि दुसरा अर्धा भाग घातकी आहे.

दोन वर्षांपूर्वी, चैत्रातच, कर्जत-चौक रस्त्यावरच्या एका गॅरेजात अशी एक गाडी आली. तक्रार एवढीच, की फ्रिजचा तांबडा दिवा लागत नाही. मंडळींना फ्रिजमधल्या लेकराच्या दुधाची काळजी होती. गॅरेजात एक बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा विजेचे काम करीत असे. तो आधी खोपोलीच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली पॅनेलचे काम करून आलेला. काम त्याच्या ओळखीचे होते. त्याने गाडीला बाहेरून वीज देणारी केबल उपटून ठेवली. दिवा विझलेलाच होता. फ्रिजला कान लावला, फ्रिज गप्प होता. मग खिशातला टेस्टर काढून दिव्याच्या मागच्या दोन्ही टोकांना लावला, टेस्टरही लागला नाही. तीन साक्षीदारांनी एकमुखाने सांगितले की वीज नाही. तेव्हा त्याने दिव्याच्या मागची दोन्ही टोके अंगठा आणि तर्जनी ह्यांच्या चिमटीत धरून ओढली.

वीज होती. चिमटीतून २३० व्होल्टचा धक्का बसला, हात झटक्याने मागे गेला आणि पॅनेलच्या पत्र्याच्या धारेवर आपटला. दोन बोटे भाजली आणि तर्जनीचा स्नायुबंध तुटला.

दुसऱ्या दिवशी निरोप आला म्हणून आम्ही त्याला भेटायला गेलो. हाताला हे एवढे बँडेज. आम्हांला पाहताच तो म्हणाला, "काका, दिवा बंद होता हो!" आम्ही विचारले, "टेस्टर लावलास का रे बाबा?" "लावला होता. आईच्यान लावला होता." तेथून आम्ही गॅरेजात गेलो. मालक माणूस वाईट नव्हे, स्वतः हातात पाना धरून वर आलेला. पण तो म्हणाला, "भाऊ, पोरगा हुशार आहे, पण घाई नडली. टेस्टर लावला असता तर कळले नसते का? हलगर्जीपणा त्याचा, भुर्दंड आम्हांला कशाला?"

आता चूक कोणाची, ह्या प्रश्नावर चार पैशांचा व्यवहार अवलंबून होता. औषधपाण्याचा खर्च आणि घरी बसलेल्या दिवसांचा पगार कोणी सोसायचा, ह्याचे उत्तर त्यावर ठरणार होते. आमच्या तीस वर्षांच्या कामात आम्ही एक धडा शिकलो आहोत, की यंत्राशी झालेल्या अपघातात यंत्राची साक्ष काढल्यावाचून माणसाचा निवाडा करू नये. गाडी गॅरेजातच उभी होती, मंडळी दुसऱ्या वाहनाने पुढे गेली होती. आम्ही खोपोलीच्या एका स्नेह्याला घेऊन आलो. वीजघरात उमेदीची सारी वर्षे घालवलेले हे गृहस्थ. त्यांनी केबल उपटलेल्या स्थितीतच मल्टिमीटर दिव्याच्या दोन टोकांवर लावला. काटा नव्हे, हल्ली आकडे दिसतात, ते २३० च्या आसपास थांबले. मग त्यांनी त्या मुलाचाच टेस्टर घेऊन त्याच टोकांना लावला. टेस्टर अंधारा. मालकाच्या तोंडाकडे आम्ही पाहिले नाही, कारण आमचेही तोंड उघडेच राहिले होते.

हे कसे झाले? उलगडा साधा आहे. गाडीत दोन प्रकारची वीज असते. एक बॅटरीची १२ व्होल्टची, दुसरी आपल्या घरातल्यासारखी २३० व्होल्टची. बाहेरची केबल काढली की बाकाखाली ठेवलेला इन्व्हर्टर आपोआप जागा होतो आणि बॅटरीच्या विजेपासून २३० व्होल्ट तयार करतो. म्हणजे मुलाने केबल उपटली त्याच क्षणी दुसऱ्या वाटेने वीज आली. फ्रिज गप्प होता, कारण आत पुरेसा गारवा झाला की फ्रिजचा कॉम्प्रेसर स्वतःच थांबतो. दुधाची काळजी फुकट होती, फ्रिज धडधाकट होता. दिवा विझला होता, कारण दिवाच मेला होता. आणि टेस्टर? आपल्या घरातल्या विजेची एक तार मुळाशी जमिनीला बांधलेली असते. म्हणून दुसऱ्या तारेला टेस्टर लावला की अत्यल्प प्रवाह टेस्टरमधून, आपल्या अंगातून जमिनीकडे जातो आणि टेस्टर लागतो. पुष्कळ लहान इन्व्हर्टरांच्या दोन्ही तारा जमिनीपासून सुट्या असतात, त्यातून गाडी रबरी चाकांवर उभी. तेथे टेस्टर लागेलच असा भरवसा नाही. पण दोन्ही तारा एकदम हातात आल्या तर धक्का मात्र पुरता बसतो.

मुलाने आळस केला नव्हता. त्याला जेवढे शिकवले होते आणि जेवढे हत्यार दिले होते, तेवढे सारे त्याने केले होते. उणीव हत्यारात आणि शिक्षणात होती. मालकाने ते मान्य केले. खर्च दिला, पगार दिला, आणि त्याच आठवड्यात एक चांगला मल्टिमीटर आणून भिंतीवर टांगला. भांडण न होता मिटलेले असे प्रकरण आमच्या वाट्याला क्वचितच आले.

पण आमच्या डोक्यातून तो विझलेला दिवा जाईना. 'दिवा बंद होता हो' हे वाक्य त्या पोराने जणू कोर्टात शपथेवर सांगावे तसे सांगितले होते. आम्ही विचार करू लागलो, की विझलेल्या दिव्याची साक्ष मुळात ग्राह्य तरी आहे काय?

श्रोतेहो, ह्या प्रश्नाचे उत्तर आपल्या कर्जत स्टेशनात फार वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. भोर घाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. तो चढ चढण्यासाठी गाडीला जादा इंजिने लागतात हे येथे पोरासोरांना ठाऊक आहे. इंजिन चालवणाऱ्याला पहिल्या दिवसापासून पढवलेले असते, की रात्री सिग्नल विझलेला दिसला, तर तो मोकळा आहे असे समजायचे नाही. त्या सिग्नलने जास्तीत जास्त जो धोका दाखवला असता, तोच तो दाखवीत आहे असे धरून चालायचे. म्हणजे रेल्वेत अंधार म्हणजे 'थांब'. त्या मुलाच्या पॅनेलवर अंधार म्हणजे 'खुशाल हात घाल'. एका तालुक्यात अंधाराचे दोन अर्थ, आणि त्यांतला एक माणसाचे बोट घेऊन गेला.

कारखान्याचाही दाखला घ्या. मोठ्या स्विचबोर्डावर आपल्याकडे दोन दिवे असतात : स्विच चालू असला की तांबडा लागतो, बंद असला की हिरवा लागतो. बंद आहे हे सांगण्यासाठीही एक दिवा जळत ठेवलेला असतो. मग दोन्ही विझलेले दिसले तर शिकाऊ उमेदवारालाही कळते, की काहीतरी बिनसले आहे, आधी तपास करू. काही पॅनेलांवर एक बटण असते, ते दाबले की सारे दिवे एकदम लागतात आणि त्यांतला कोणता मेला आहे ते दिसते. आमच्या मुलाची नजर त्या कारखान्यात घडलेली. तांबडा विझला म्हणजे बंद, हे त्याला पाठ होते. हिरव्याची साथ असेल तरच ते खरे, एवढे त्याला कोणी सांगितले नव्हते. गाडीत बिचारा एकच दिवा. त्याच्या विझण्याने 'वीज नाही' आणि 'मी मेलो' असे दोन अर्थ व्हायचे, आणि कोणता खरा हे ओळखायला साधन नव्हते.

कोणी म्हणेल, हे गॅरेजातले अडाणीपण आहे, मोठ्या ठिकाणी असे होत नसेल. तर दोन गोष्टी ऐका. अमेरिकेत पेनसिल्व्हानिया राज्यात थ्री माइल आयलंड नावाचे अणुवीजकेंद्र होते. २८ मार्च १९७९ च्या पहाटे तेथे एक झडप उघडली आणि अडकून उघडीच राहिली. नियंत्रण कक्षातल्या पॅनेलवर त्या झडपेचा दिवा मात्र विझला. कामावरच्या माणसांनी वाचले, 'झडप मिटली'. वास्तविक तो दिवा झडपेला जोडलेलाच नव्हता. झडप मिटवण्याचा विद्युत् संदेश गेला, एवढेच तो सांगत होता. हुकूम सुटला ही बातमी होती, हुकूम पाळला गेला ही नव्हती. दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टीतले पाणी त्या वाटेने निसटत राहिले आणि भट्टीचा गाभा अंशतः वितळला. आमच्या फ्रिजच्या दिव्याचीच ही थोरली बहीण.

दुसरी गोष्ट तिच्या आधीची, २९ डिसेंबर १९७२ च्या रात्रीची. ईस्टर्न एअरलाइन्सचे ४०१ क्रमांकाचे विमान मायामीला उतरू लागले, तेव्हा पुढचे चाक खाली आल्याचा हिरवा दिवा लागेना. वैमानिकांनी विमान दोन हजार फुटांवर फिरत ठेवले आणि सारे जण त्या दिव्याच्या मागे लागले. तेवढ्यात उंची राखणारी स्वयंचलित योजना नकळत सुटली आणि विमान हळूहळू खाली येत राहिले. कोणाचेही लक्ष नव्हते. विमान दलदलीत कोसळले आणि शंभराहून अधिक माणसे गेली. चौकशीत निघाले, की चाक व्यवस्थित खाली आले होते, दिव्याचे बल्ब मात्र जळालेले होते. पहिल्या गोष्टीत दिव्यावर फाजील विश्वास होता, दुसरीत दिव्याच्या पायी बाकी साऱ्याचा विसर पडला. म्हणून दिवा दुरुस्त करणाऱ्याने दिव्याचे ऐकावे, पण फक्त दिव्याचेच ऐकू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे येतो, कारण नुसत्या तत्त्वज्ञानाने दिवा लागत नाही. वीजघरातले आमचे स्नेही आणि तो मुलगा, दोघांच्या तोंडून ऐकून आम्ही हे टिपून घेतले आहे.

पहिले काम, विजेच्या साऱ्या वाटा बंद करणे. बाहेरची केबल काढा. इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. टपावर सौर तावदाने असतील तर त्यांचा स्विच खाली करा, कारण सूर्य कोणाच्या सांगण्याने मावळत नाही. मग बॅटरीचे ऋण टोक सोडा. शेगडीचा सिलिंडर असेल तर त्याची चावी फिरवा, आणि गाडीच्या दारावर 'काम चालू आहे' अशी पाटी लावा, म्हणजे मागाहून आलेला कोणी उत्साही माणूस स्विच वर करणार नाही.

दुसरे काम, वीज खरोखरच गेली आहे ह्याची खात्री. ह्यासाठी मल्टिमीटर हवा, आणि तो तीनदा लावायचा. आधी जेथे वीज आहे हे नक्की ठाऊक आहे तेथे लावून मल्टिमीटर जिवंत आहे हे पाहायचे. मग ज्या टोकांवर काम करायचे तेथे लावायचा. मग पुन्हा पहिल्या जागी लावायचा, न जाणो मधल्या वेळात त्याचाच सेल संपला असला तर! साक्षीदाराची उलटतपासणी म्हणतात ती हीच.

तिसरे काम, जुन्या दिव्याची जात ओळखणे. १२ व्होल्टच्या वाटेवरचा दिवा जुन्या गाडीत तारेचा बारका बल्ब असतो, नव्या गाडीत एलईडी. १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक ह्यांनी दिसणाऱ्या तांबड्या प्रकाशाचा एलईडी करून दाखवला, त्याचीच पुढची पिढी आज आपल्या घराघरात आहे. एलईडीला धन आणि ऋण टोक असते, उलटे जोडले तर तो लागत नाही. त्याला पुढ्यात रेझिस्टर लागतो. बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात, पण चार्ज होताना ती १४.४ पर्यंत चढते. तांबडा एलईडी स्वतःला सुमारे २ व्होल्ट घेतो. उरले १२.४. त्यातून १० मिलिअँपिअर प्रवाह हवा, तर १,२४० ओहम येतात, म्हणून बाजारात मिळणारा १,२०० ओहमांचा घातला की काम भागते. २३० व्होल्टच्या वाटेवर मात्र बहुधा निऑनचा दिवा असतो. त्याच्या पुढ्यात दीड-दोन लाख ओहमांचा रेझिस्टर असतो. तो म्हातारा झाला की काच आतून काळवंडते, दिवा लुकलुकतो आणि मग विझतो. १२ चा दिवा २३० वर लावला तर फुटेल. २३० चा १२ वर लावला तर कधीच लागणार नाही, आणि आपण वायरी उसवीत बसू. म्हणून जुन्या दिव्यावरचे अक्षर आधी वाचावे, अक्षर पुसले असेल तर वाट मोजावी.

चौथे काम जोडणीचे. काढण्यापूर्वी वायरींचा फोटो घ्यावा, चिठ्ठ्या बांधाव्यात. नवा दिवा त्याच रंगाचा, त्याच भोकात बसणारा घ्यावा. टोकांवर स्लीव्ह चढवावी. त्या गाडीत ती नव्हती, टोके उघडी होती, म्हणूनच चिमटीत आली. एवढे झाल्यावर वीज सुरू करून दिवा लागतो का हे सगळेच पाहतात. पण उपकरण बंद केल्यावर तो विझतो का, हेही पाहिले पाहिजे. जो दिवा विझत नाही तोही खोटारडाच.

आणखी एक गंमत सांगतो, म्हणजे दिव्याला कोणी नुसता शोभेचा समजणार नाही. गाडी सुरू करताना बॅटरीच्या चित्राचा जो तांबडा दिवा लागतो, तो पुष्कळ जुन्या गाड्यांत दुहेरी काम करतो. त्या बल्बमधून जाणारा प्रवाहच अल्टरनेटरला पहिला धक्का देतो, आणि मग अल्टरनेटर वीज निर्माण करू लागतो. कोणी हौशी माणसाने तो जुना बल्ब काढून झगझगीत एलईडी बसवला, तर प्रवाह फार थोडा पडतो आणि अल्टरनेटर जागाच होत नाही. गाडी उत्तम चालते, आणि मध्यरात्री घाटात बॅटरी बसते. सगळ्यांना वाटत होते की तो बिचारा दिवा नुसता पाहत बसला आहे. तो कामावर होता! कारखान्यात मनुष्यबळ कमी करायला येणाऱ्या तज्ज्ञांना ही गोष्ट आम्ही आवर्जून सांगतो. 'हा माणूस काय करतो?' असे ते विचारतात. आम्ही म्हणतो, त्याला काढा आणि मग घाटात भेटू.

एका गोष्टीची तक्रार मात्र आम्हांला केलीच पाहिजे. गाडी जेथे बांधून घेतली होती तेथे फोन केला, तेव्हा उत्तर मिळाले की सुटा दिवा मिळत नाही, सबंध पॅनेल बदलावे लागेल. काही रुपयांच्या दिव्यासाठी हजारोंचे पॅनेल! शेवटी त्या मुलाने बरा झाल्यावर तोच दिवा बाजारातून शोधून आणला आणि बसवला. दुरुस्तीचा हक्क म्हणून आज जी चळवळ जगात उभी आहे ती ह्यातूनच. आपल्या केंद्र शासनाने त्यासाठी २०२२ साली समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला, ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले. वस्तू विकत घेणाऱ्याला तिचे सुटे भाग आणि माहिती मिळावी, हे त्याचे सार आहे. आम्ही त्यात एवढीच भर घालतो, की ती माहिती दुरुस्त करणाऱ्याच्या हातीही पडावी. गाडीत इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो, एवढे एक वाक्य त्या पॅनेलच्या आत चिकटवलेले असते तर एक बोट वाचले असते.

मंडळी, आपला हा मुलूख विजेला परका नाही. घाटमाथ्यावरच्या तलावांतले पाणी दीड हजार फुटांहून खाली आणून खोपोलीचे वीजघर १९१५ साली चालू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. टाटांच्या त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. वीज करून सुटलेले पाणी आजही पाताळगंगेला आणि उल्हासला मिळते. आणि विझलेला दिवा बातमी सांगू शकतो, हेही आपल्या मुलुखाने एकदा मुंबईला दाखवले आहे. १९४२ च्या लढ्यात माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता ह्यांनी ह्याच डोंगरांत मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील ह्यांनी देह ठेवले. तेव्हा जो अंधार झाला, तो राज्यकर्त्यांनी नुसता बिघाड म्हणून वाचला असता तर ती त्यांचीच चूक ठरली असती.

येथे आम्ही चळवळीवर येतो, चालकांना दिलेला शब्द पाळतो. आम्ही कारखान्याच्या दारात जातो तेव्हा व्यवस्थापक आम्हांला सांगतात, "आमच्याकडे एकही तक्रार नाही. तक्रारपेटी रिकामी आहे, पाहा." रिकामी तक्रारपेटी हा विझलेला दिवा आहे. त्याचे दोन अर्थ होतात. एक, खरोखरच सारे ठीक आहे. दुसरा, तक्रार करणारा दिवाच मेला आहे : तो ठेक्यावर आहे, उद्या कामावर घेतील की नाही ह्याची त्याला धास्ती आहे, किंवा मागे बोलला त्याचे काय झाले हे त्याने पाहिले आहे. कोणता अर्थ खरा, हे पेटीकडे पाहून कळत नाही. तेथे जाऊन, माणसाजवळ बसून, मीटर लावून पाहावे लागते. घरातही हेच. सून काही बोलत नाही म्हणजे सुखी आहे, म्हातारे वडील काही मागत नाहीत म्हणजे त्यांना काही नको, पाड्यावरचा ठाकर-कातकरी कचेरीत येत नाही म्हणजे त्याचे काही अडलेले नाही, असे आपण किती सहज धरून चालतो!

ह्यावर उपाय स्विचबोर्डानेच दाखवला आहे. 'ठीक आहे' हे सांगायलाही एक दिवा जळत ठेवा. कामावर लागण्यापूर्वी पाच मिनिटे उभे राहून प्रत्येकाने 'माझे हत्यार ठीक आहे' असे तोंडाने म्हणावे. जो म्हणत नाही त्याच्यापाशी थांबावे. त्या गॅरेजात आता असेच होते. एवढी एक प्रथा पडावी म्हणून आम्ही मालकापाशी हट्ट धरला होता, आणि तो पुरवला गेला.

तो मुलगा आज कामावर आहे. तर्जनी पुरती वाकत नाही, बारीक स्क्रू तो मधल्या बोटाने धरतो. परवा आम्ही गेलो तेव्हा तो एका नव्या पोराला शिकवीत होता. पोराने पॅनेल उघडून सांगितले, "दादा, दिवा बंद आहे." आमचा मुलगा भिंतीवरचा मल्टिमीटर काढून त्याच्या हातात देत म्हणाला, "दिवा बंद आहे हे मलाही दिसतंय. वीज बंद आहे का ते सांग."

आपणही आपली गाडी, आपले पंप, आपली घरातली यंत्रे दुरुस्तीला टाकाल, तेव्हा एवढे करा. 'झाले का, झाले का' म्हणून कारागिराच्या डोक्यावर उभे राहू नका. त्याला तपासायला दहा मिनिटे द्या, आणि त्या दहा मिनिटांची मजुरीही द्या. दिवा लावणे आणि विझलेल्या दिव्याची साक्ष तपासणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामाचे पैसे आजवर कोणी दिले नाहीत म्हणून ते काम होत नाही.